डबल व्हायोलेटचं बी

'ग्रीनफिंगर्स' या इंग्रजी सिनेमात सुरुवातीलाच एक छोटा प्रसंग आहे. तुरुंगातला म्हातारा फर्गस आपल्या खोलीत नव्याने आलेल्या कॉलिनला नाताळची भेट म्हणून बियांची पुडी देतो. डबल व्हायोलेटचं बी. कॉलिन खुनाच्या शिक्षेतली कितीतरी वर्षं काढून इथे आलेला, कुणाशी धड दोन शब्द न बोलणारा. त्याला त्या पुडीचं काही कौतुक वाटत नाही. फारशी आशा न धरता तो ते बी जमिनीत टाकतो. हिवाळा सरतो, आणि एके दिवशी त्याच मातीत जांभळी फुलं उमललेली दिसतात. कॉलिन झालेल्या क्लाइव्ह ओवेनचा तोवर दगडासारखा राहिलेला चेहरा तिथे पहिल्यांदा मऊ पडतो. पुढचा सगळा सिनेमा, कैद्यांची बाग, हेलन मिरेनची ती भल्यामोठ्या हॅटवाली उद्यानतज्ज्ञ, हॅम्प्टन कोर्टचं पुष्पप्रदर्शन, हे सगळं त्या मूठभर फुलांतून निघतं. ज्याचे हात रोज मातीत असतात त्याला हा प्रसंग बघताना भरून येतं, आणि त्याच क्षणी काहीतरी टोचतंही.

डबल व्हायोलेटला बी धरत नाही.

निदान पुडीत भरून विकता येईल इतकं तर नाहीच. आपल्याकडच्या डबल मोगऱ्याला किंवा डबल तगरीला बी धरलेलं कुणी पाहिलं आहे? आपण छाट लावतो, दाब कलम करतो, नाहीतर शेजारच्या काकूंकडून मुळं फुटलेली फांदी मागून आणतो. व्हायोलेटचंही तेच. साध्या फुलाला पाच पाकळ्या आणि पाच पुंकेसर असतात. डबल फुलात ज्यांनी पराग द्यायचा ते पुंकेसरच पाकळ्या होऊन बसतात. फूल गच्च भरतं, छोट्या गुलाबासारखं दिसतं, पण पुढची पिढी तिथेच अडते. चुकून एखादं बी धरलंच, तरी त्यातून पुन्हा डबलच फुलेल याची खात्री नाही. म्हणून डबल व्हायोलेट शेकडो वर्षं टिकलं ते माणसांनी धुमारे तोडून एकमेकांना दिले म्हणून. पुडीतून ते कधीच आलेलं नाही. सिनेमा लिहिणाऱ्याला हे ठाऊक नसावं, किंवा ठाऊक असूनही पुडीच हवी असावी, कारण पुडी खिशात मावते आणि पडद्यावर लगेच कळते.

पण एवढ्यावरून प्रसंग खोटा ठरवून मोकळं होता येत नाही. दुसऱ्या एका बाबतीत तो विलक्षण बरोबर आहे.

साध्या सुगंधी व्हायोलेटचं बी घ्या. शास्त्रीय नाव व्हायोला ओडोराटा. आपल्याकडे काष्ठौषधींच्या दुकानात गुलबनफशा म्हणून सुकलेली फुलं मिळतात ती याचीच. बी साधारण मोहरीएवढं, फिकट रंगाचं. ते ताजं असतानाही झोपलेलं असतं, आणि त्याला जाग येते ती थंडीने. ओलसर मातीत, चार अंश सेल्सियसच्या आसपास, दोन-तीन महिने. ज्यांच्याकडे अशी थंडी नाही ते ओल्या वाळूत बी मिसळून, पिशवीत घालून फ्रिजमध्ये ठेवतात. इंग्लंडात काहीच करावं लागत नाही. पालापाचोळ्याचं खत आणि जाडसर वाळू समसमान घेऊन ट्रे भरायचा, बी अर्धा सेंटीमीटर खोल टाकायचं, उंदरांसाठी वर बारीक जाळी घालायची आणि ट्रे उत्तरेकडच्या भिंतीशी उघड्यावर सोडून द्यायचा. पाऊस, दहिवर, बर्फ, सगळं त्यावर पडू द्यायचं. बी कुजतं ते थंडीने नव्हे, पाणी साचल्याने, म्हणून वाळू. आणि ज्याने फार मायेने ट्रे घरात, खिडकीतल्या उबेत ठेवला, रोज पाणी शिंपडलं, त्याच्या ट्रेमध्ये बहुधा हिरव्या शेवाळाखेरीज काही येत नाही. कॉलिनने नाताळात बी थंडगार मातीत टाकलं आणि तिकडे पाहिलं नाही, हे खरं तर पुस्तकातल्यासारखं बिनचूक काम झालं. सगळी रोपं मात्र एका दिवशी वर येत नाहीत. दोन-चार मार्चमध्ये दिसतात, काही एप्रिलअखेर, काही चक्क पुढच्या वर्षी. मे महिन्यात कंटाळून ट्रे उलटा करणारा माणूस नेमका तिथे फसतो. आणि फूल? त्या वसंतात नाहीच. पहिलं वर्ष नुसत्या हृदयाच्या आकाराच्या पानांचं, फूल त्याच्या पुढच्या वर्षी, फेब्रुवारी-मार्चच्या थंडीत. पडद्यावर हे वर्ष गाळलं आहे. सिनेमाला ते गाळावंच लागतं. तुरुंगात मात्र वर्ष गाळता येत नाही, आणि या रोपासाठी त्याहून सोयीची जागा कुठली असेल असं वाटून जातं.

व्हायोलेटबद्दल आणखी दोन गोष्टी सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. एक म्हणजे वसंतातली जी फुलं आपण हुंगतो, त्यांच्यावर हे झाड वंशासाठी फारसं विसंबून नसतं. त्या दिवसांत मधमाश्या कमी. उन्हाळ्यात, पानांच्या खाली, मातीला टेकून दुसरीच फुलं येतात. ती कधी उमलतच नाहीत. कळीसारखी मिटलेली, पाकळ्या नावापुरत्या. आतल्या आतच परागीभवन होतं आणि बोंड बियांनी भरतं. प्रत्येक बीच्या टोकाला पांढरट, तेलकट गाठ असते. मुंग्यांना ती गाठ हवी असते. त्या बी उचलून वारुळात नेतात, गाठ खातात आणि बी बाहेर कचऱ्यात टाकतात, म्हणजे चांगल्या भुसभुशीत, खताच्या मातीत. म्हणून व्हायोलेट कधीकधी जिथे कुणी लावलं नाही अशा भिंतीपलीकडे उगवलेलं सापडतं. दुसरी गोष्ट वासाची. त्या वासातलं मुख्य द्रव्य आयोनोन. ते नाकाला क्षणभर बधिर करतं. पहिल्या श्वासाला गोड, पावडरीसारखा, जरा ओल्या लाकडासारखा वास. दुसऱ्या श्वासाला काहीच नाही. फूल तसंच हातात असतं. थोडा वेळ थांबून पुन्हा हुंगलं की वास परत येतो. हावरेपणाने हुंगणाऱ्याला हे फूल वास देत नाही. म्हाताऱ्या फर्गसने नेमकं हेच फूल का निवडलं असेल, असा विचार मनात येतो तो यामुळे.

जोएल हर्शमनने 2000 साली केलेला हा सिनेमा हवेतून आलेला नाही. 1998 मध्ये न्यूयॉर्क टाइम्समध्ये इंग्लंडमधल्या एका तुरुंगाच्या बागकामावर लेख आला होता, त्यावरून तो सुचला. तो तुरुंग ग्लॉस्टरशरमधला लेहिल, टॉर्टवर्थ गावाजवळचा. 1946 पासूनचा खुला तुरुंग. सिनेमात त्याचं नाव एजफिल्ड केलं आहे. शिक्षेची अखेरची वर्षं उरलेली, पळून जाणार नाहीत असा विश्वास ज्यांच्याबद्दल वाटतो अशी माणसं तिथे पाठवतात. तिथल्या कैद्यांनी चेल्सी आणि हॅम्प्टन कोर्टच्या पुष्पप्रदर्शनांत खरोखरच बागा मांडल्या आणि पदकं मिळवली. सिनेमा हलकाफुलका आहे, गोड आहे, काही ठिकाणी फारच गोड आहे; प्रेमप्रकरण नसतं तरी चाललं असतं. पण खरी माणसं पाठीशी असल्यामुळे त्याचा गोडवा फसवा वाटत नाही. धिप्पाड, अंगावर गोंदलेला माणूस रोपाची माती दोन बोटांनी दाबतो तेव्हा प्रेक्षक हसतात. त्या हसण्यात त्या माणसाचा अपमान नाही, हे या सिनेमाचं मोठं श्रेय.

प्रदर्शनातली बाग म्हणजे काय प्रकरण असतं, हे मात्र सिनेमात पुरेसं दिसत नाही. चेल्सीचं प्रदर्शन 1913 पासून त्याच मैदानावर, मे महिन्यात भरतं; हॅम्प्टन कोर्टचं 1990 पासून, जुलैच्या सुरुवातीला, थेम्सकाठच्या राजवाड्याच्या आवारात. मोजक्या दिवसांसाठी रिकाम्या गवतावर अशी बाग उभी करायची की ती तिथे वीस वर्षं आहे असं वाटावं. चेल्सीला मोठ्या बागेसाठी मैदानावर साधारण तीन आठवडे मिळतात. परीक्षक बागांची एकमेकींशी तुलना करत नाहीत. बाग मांडणाऱ्याने आधी लेखी दिलेलं असतं की ही जागा कुठली, कुणासाठी, काय दाखवायचं आहे. त्या कागदाशी ताडून सुवर्ण, रुपेरी-सोनेरी, रौप्य, कांस्य ठरतं. त्यामुळे एका वर्षी अनेकांना सुवर्ण मिळू शकतं. कागदावर 'ओढ्याकाठची जागा' लिहिलं आणि तिथे कोरड्या जमिनीतलं लॅव्हेंडर लावलं, की कितीही सुंदर दिसलं तरी गुण गेले.

आणि सगळी झाडं नेमकी त्या आठवड्यात फुलायला हवीत. इथे कसब लागतं. लागतात त्याच्या दीडपट-दुप्पट रोपं वाढवावी लागतात. मागे पडलेली पॉलिटनेलमध्ये, म्हणजे प्लॅस्टिकच्या उबदार बोगद्यात, न्यायची, पुढे धावणारी सावलीत किंवा शीतगृहात दाबून धरायची. उंच दांड्यावर घंटांसारखी फुलं लागणाऱ्या फॉक्सग्लोव्हचं उदाहरण घ्या. बी धुळीसारखं बारीक. जूनमध्ये पेरायचं, वर माती घालायची नाही, कारण उगवायला त्याला उजेड लागतो. वरून पाणी घातलं तर सगळं एका कोपऱ्यात वाहून जातं, म्हणून ट्रे पाण्यात ठेवून खालून ओल चढू द्यायची. दोन खरी पानं आली की रोपं सुटी करायची, आणि धरायचं ते पानाला. देठ चिमटीत दाबला की रोप गेलं, कारण फाटलेलं पान पुन्हा येतं, चेपलेला देठ सावरत नाही. दाटी ठेवली आणि माती सतत चिंब ठेवली तर रोपं मातीलगत काळी पडून एका रात्रीत आडवी होतात. फुलोरा येणार तो पुढच्या वर्षीच्या उन्हाळ्याच्या तोंडावर. टनेलमध्ये ठेवलेल्या रोपांचे दांडे उजेडाकडे कलतात, म्हणून दर एक-दोन दिवसांनी कुंडी पाव वळसा फिरवायची. मैदानावर न्यायच्या आधी दहा-पंधरा दिवस त्यांना बाहेरच्या वाऱ्याची सवय लावायची. हे चुकलं तर उभा दांडा पहिल्याच वाऱ्यात मान टाकतो. शेवटी कुंड्यांसकट रोपं जमिनीत बसवायची, काठ झाकायचा, पानांवरची धूळ मऊ ब्रशने काढायची, सुकलेली पाकळी चिमट्याने उचलायची. एवढं करून आदल्या रात्री गारांचा पाऊस झाला तर त्यावर कुणाकडे काही इलाज नसतो.

रानफुलं तर याहून अवघड. लोकांना वाटतं रानफूल म्हणजे आपोआप येणारं. त्या टाइम्सच्या लेखाच्या मथळ्यातच ब्लूबेल होतं. इंग्लंडच्या पानगळीच्या जंगलात एप्रिल-मेमध्ये निळा गालिचा पसरतो तो याचा. बी पेरल्यापासून फूल यायला चार-पाच वर्षं तरी लागतात. कांदा बारीक असतो; तो दरवर्षी आकसणाऱ्या मुळांनी स्वतःला थोडा थोडा खाली ओढून घेतो, आणि पुरेसा खोल गेल्यावरच फुलायचं मनावर घेतो. नर्सरीवाल्याला पाच वर्षं कुंडी सांभाळणं परवडत नाही. रानातून खणून विकणं कायद्याने बंद आहे. ब्लूबेलला हे संरक्षण मिळालं तेही 1998 मध्येच. मग पाच वर्षं एका कुंडीकडे बघत राहायला कुणाकडे वेळ आहे? ज्याची पाच वर्षं शिल्लक आहेत त्याच्याकडे. हे वाक्य लिहितानाही अंगावर काटा येतो, कारण ती शिल्लक कुणी मागून घेतलेली नसते. पण लेहिलसारख्या ठिकाणी बाग का जमली याचं खरं उत्तर इथे असावं. प्रतिभा वगैरे नंतर. आधी सलग वर्षं, रोजचे ठरलेले तास, आणि सुट्टी घेऊन कुठे न जाणारी माणसं.

खुल्या तुरुंगाची आणखी एक बाजू सिनेमात ओझरती येते. बागेत काम म्हणजे हातात कुदळ, विळा, कात्री, करवत. बंद तुरुंगात चमचासुद्धा मोजतात. बागेची हत्यारं ठेवायला फळा असतो, त्यावर प्रत्येक हत्याराची बाह्यरेखा रंगवलेली. संध्याकाळी सगळं जागेवर टांगलं की एका नजरेत कळतं काय परत आलं नाही. सिकेटरची, म्हणजे छाटणीच्या कात्रीची, रेघ रिकामी दिसली तर कुणी जागचं हलायचं नाही. बहुतेक वेळा ती गवतात पडलेली किंवा कुणाच्या कोटाच्या खिशात विसरलेली निघते. माती खणणाऱ्याच्या हाती लोखंड द्यावंच लागतं, आणि ते दिलं की त्याच्यावर विश्वास टाकावाच लागतो. याला दुसरी वाट नाही. केपटाउनच्या पोल्समूर तुरुंगात तर मंडेलांना मातीच नव्हती, नुसती काँक्रीटची गच्ची होती. तिथे तेलाची सोळा पिंपं आडवी कापून बत्तीस कुंड्या केल्या, त्यांत माती भरली आणि भाजी पिकवली. ती भाजी कैद्यांनी खाल्ली आणि पहारेकऱ्यांनीही.

मराठी माणसाला हा सिनेमा बघताना 'दो आँखें बारह हाथ' आठवणार, यात शंका नाही. 1957 सालचा शांतारामबापूंचा सिनेमा, कथा गदिमांची. गदिमा शेटफळेचे, माणदेशातले. आणि शेजारच्या आटपाडीजवळ औंध संस्थानाने 1939 मध्ये स्वतंत्रपूर वसवलं होतं. मॉरिस फ्रीडमन या पोलिश इंजिनिअरच्या पुढाकाराने झालेली ती कैद्यांची खुली वसाहत; सिनेमाच्या कथेमागे हाच प्रयोग होता असं सांगतात. भिंती नाहीत, बायकामुलं सोबत, आणि कसायला माणदेशाची ती पाण्याला तरसलेली जमीन. दोन्ही सिनेमे मूठभर कैद्यांचे हात मातीत घालतात, पण उगवतात ते वेगळं. बापूंच्या कैद्यांनी भाजी पिकवली. ती बाजारात नेऊन रास्त भावात विकली, म्हणून अडत्याच्या पोटावर पाय आला आणि रक्त सांडलं. तिथे रोप म्हणजे पोट आहे, भाव आहे, वजनकाटा आहे. इंग्रज कैदी फूल लावतात, ज्याचा कुणाला काही उपयोग नाही. माणदेशाच्या दुष्काळात उभं राहून पाहिलं तर फुलाची ही चैन वाटेल. मलाही बराच काळ बापूंचा सिनेमाच अधिक खरा वाटत आला आहे. पण वयाबरोबर दुसऱ्याचंही पटू लागलं. ज्याला वर्षानुवर्षं फक्त उपयोगाची कामं लावली गेली, पोती शिवणं, फरशी पुसणं, त्याने बिनउपयोगाच्या एका जांभळ्या फुलासाठी सकाळी लवकर उठणं, हेही काही कमी नाही.

आता पुन्हा त्या पुडीकडे. प्रसंग बदलून बरोबर करायचा झाला, तर काय करावं लागलं असतं हे मनात अनेकदा जुळवून पाहिलं आहे. डबल व्हायोलेट द्यायचं तर धुमाराच द्यावा लागतो. उन्हाळ्यात आईझाडाच्या बुडातून बारीक, लांबट धुमारे निघतात, स्ट्रॉबेरीसारखे. सगळे तसेच राहू दिले तर आईझाडाची ताकद पानांत आणि धुमाऱ्यांत जाते, फुलं कमी येतात; म्हणून एक-दोन ठेवायचे, बाकीचे काढायचे. ठेवलेल्याचं टोक मातीवर केसांच्या पिनेसारख्या तारेने दाबून धरायचं. पाच-सहा आठवड्यांत पांढरी मुळं धरतात. जागा अर्धसावलीची हवी. कोरड्या उन्हात पानांखाली लाल कोळी ही बारीक कीड लागते, पानं राखाडी, ठिपकेदार पडतात आणि रोप गळाठतं. सप्टेंबरात, माती अजून उबदार असताना, आईपासूनची दोरी सुरीने कापायची आणि रोप मातीच्या गोळ्यासकट उचलायचं. नाताळपर्यंत थांबून चालत नाही. गोठलेल्या मातीत कापलेली मुळं नवी फुटत नाहीत. म्हणजे भेट तीन महिने आधीच द्यावी लागली असती, काही सण नसताना, कसल्याशा साध्या मंगळवारी. फर्गसच्या हातात ओल्या फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी, त्यातून बाहेर डोकावणारी दोन पानं, त्याच्या नखांत माती. आणि पुडीवर असते तशी छापील सूचना नसल्यामुळे त्याला ती तोंडाने सांगावी लागली असती: "गड्डा पुरू नकोस हं. मुळं आत, गड्डा मातीच्या वर. आणि पाणी आत्ताच घाल, उद्या नको."